मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई–लंडन हवाई मार्ग : भारतातील मुंबई व इंग्लंडमधील लंडन या शहरांच्या विमानतळांना जोडणारा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरील किमान अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,९०० सागरी मैल) आहे. वाटेत न थांबणाऱ्या विमानास मुंबईहून लंडनला जाण्यास सर्वसाधारणपणे ९ ते १० तास लागतात, तर परतीचा प्रवास त्याहून थोडा कमी वेळात होतो. १९२९ मध्ये लंडनहून केवळ कराचीपर्यंत येण्यास सात दिवस लागत असत. दोन स्थळांमधील किमान अंतर भूगोलाने कायमचे ठरवून दिलेले असते. परंतु विमान प्रत्यक्षात किती अंतर तोडते व त्यास किती काळ लागतो, हे विमानाचा पल्ला, विसाव्याची ठिकाणे आणि वाटेवरील राष्ट्रांची अनुमती या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या मार्गाचा इतिहास हा मुख्यत्वे या तीन गोष्टींचा इतिहास होय. त्यांपैकी पहिल्या दोन अडचणी तंत्रविद्येने दूर केल्या. तिसरी मात्र अद्याप दूर झालेली नाही.

अंतर व काल यांचे मापन : गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहत् वृत्ताचा लहान कंस होय. ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो, अशा वृत्तास बृहत् वृत्त म्हणतात. भिंतीवर टांगलेल्या नेहमीच्या सपाट नकाशावर मुंबई व लंडन या शहरांना पट्टीने जोडले, तर ती रेषा दक्षिण इराण, इराक, तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशांतून गेलेली दिसते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यास मात्र तो बराच उत्तरेकडे सरकतो. मुंबई सोडल्यावर अरबी समुद्रावरून तो जवळजवळ कराचीवरूनच जातो. पुढे बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग व कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक ओलांडून तो कॉकेशसमध्ये शिरतो. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या थोडे दक्षिणेस या मार्गाचा मध्यबिंदू येतो. तेथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी व नेदर्लंड्स यांवरून ही वाट लंडनला पोहोचते. या प्रदेशांची नावे ध्यानात ठेवल्यास पुढील इतिहास समजणे सोपे जाते.

हवाई वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मी. होय. विमानकंपन्यांच्या वेळापत्रकातील प्रवासकाल हा विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे व उतरण्याच्या अनुमतीसाठी आकाशात घिरट्या घालणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. मध्य कटिबंधात मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह लंडनकडे जाणाऱ्या विमानास विरोध करतात व मुंबईकडे येणाऱ्यास साहाय्य करतात. दोन्ही दिशांच्या प्रवासकालांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः यामुळेच होय.

घड्याळातील फरक हा याहून निराळा. भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. मुंबईहून हिवाळ्यात दुपारी १ वाजता निघून साडेनऊ तासांत पोहोचलेला प्रवासी लंडनमध्ये त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता उतरतो. उलट, लंडनहून रात्री ९ वाजता निघून नऊ तास प्रवास केलेला प्रवासी मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता पोहोचतो. या हिशेबात पूर्वी आणखी एक गुंता होता : १९५५ पर्यंत मुंबई शहरात भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटांनी मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही प्रचलित होती.

पूर्वपीठिका : शिडांच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून होणाऱ्या इंग्लंड–मुंबई प्रवासास कित्येक महिने लागत. १८३० मध्ये मुंबईत बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज मुंबईहून सुएझला महिन्याहून थोड्या अधिक काळात पोहोचले व तांबड्या समुद्राची वाट व्यवहार्य असल्याचे सिद्ध झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आगबोटी सरळ येऊ-जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यूरोपातून रेल्वेने भूमध्य समुद्राच्या बंदरापर्यंत व तेथून आगबोटीने मुंबईस असा प्रवास सु. दोन आठवड्यांत होई. हवाई मार्गाला स्पर्धा करावयाची होती ती या दोन आठवड्यांशी. आणि प्रारंभी तिचा उद्देश प्रवाशांपेक्षा टपाल लवकर पोहोचविणे हा होता.

इंपीरियल एअरवेजचा मार्ग : पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये कैरो–बगदाद हवाई टपालसेवा सुरू केली. वाळवंटात वैमानिकांस दिशा कळावी, म्हणून जमिनीवर नांगराने तास पाडण्यात आले होते व त्यांचा माग धरून विमाने जात. हीच सेवा जानेवारी १९२७ मध्ये इंपीरियल एअरवेज या कंपनीने आपल्याकडे घेऊन कैरो–बसरा अशी चालविली. ती लगेच कराचीपर्यंत नेण्याचा कंपनीचा बेत होता. परंतु इराणच्या शासनाने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास अनुमती दिली नाही. विमाने सिद्ध होती, वैमानिक सिद्ध होते, तरीही सेवा बसऱ्यापाशी दोन वर्षे अडून राहिली.

अखेर मर्यादित मुदतीची अनुमती मिळून ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवेचा प्रारंभ झाला. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जेनोआपर्यंत रेल्वेने, जेनोआहून ॲलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने व पुढे तीन एंजिनांच्या ‘हर्क्युलीझ’ विमानाने बगदाद, बसरा व इराणच्या किनाऱ्यावरील बूशीर, लिंगे व जास्क या ठाण्यांवरून कराचीस, असा हा प्रवास होता. हवाई मार्गात मध्येच रेल्वे येण्याचे कारण आल्प्स पर्वत हे नव्हते. इटलीच्या हद्दीत हवाई मार्गाने प्रवेश करण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता, हे होते. सु. ८,००० किमी.च्या या प्रवासास सात दिवस लागत व भाडे १३० पौंड होते. विमाने रात्री उडत नसत. प्रवासी वाटेत मुक्काम करीत. इराकच्या वाळवंटात रुत्बा येथील तटबंदीच्या आवारात त्यांच्या विश्रांतीची सोय होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये ‘सिटी ऑफ रोम’ हे विमान इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळी समुद्रात उतरून बुडाले व त्यातील सातही जण मरण पावले.

इराणची अनुमती १९३२ मध्ये संपुष्टात आली. तेव्हा कंपनीने संपूर्ण मार्ग आखाताच्या समोरच्या, अरबी किनाऱ्यावर नेला. बहारीन व शारजा ही नवी ठाणी झाली व शारजा येथे प्रवाशांसाठी किल्लेवजा विश्रांतिगृह बांधण्यात आले. आखातातील नगरांना पुढे हवाई वाहतुकीत जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचा एक प्रारंभ या नाइलाजाने केलेल्या बदलात शोधता येतो.

कराची–मुंबई जोडणी : इंपीरियल एअरवेजचा मुख्य मार्ग कराचीहून जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असा पूर्वेकडे वाढत गेला. मुंबई त्याच्या बाहेर राहिली. लंडनहून कराचीला सात दिवसांत आलेली पत्रे मुंबईस व दक्षिणेस रेल्वेने जात आणि हवाई मार्गाने वाचविलेला वेळ येथे खर्ची पडे. ही उणीव टाटा सन्स या कंपनीच्या विमान विभागाने भरून काढली. या योजनेचा पुरस्कार नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने केला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीच्या द्रीग रोड विमानतळावरून सकाळी ‘पस मॉथ’ या एका एंजिनाच्या लहान विमानातून एकट्याने उड्डाण केले. अहमदाबादेस बैलगाडीवरून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल भरून घेतले व दुपारी ते मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानाचा वेग ताशी सु. १६० किमी. होता. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत विमाने पुण्याहून ये-जा करीत.

या सेवेमुळे मुंबई–लंडन हा मार्ग प्रथमच सलग हवाई मार्ग बनला. मात्र तो पत्रांसाठी होता. १९३८ मध्ये साम्राज्य हवाई टपाल योजना भारतापर्यंत येऊन साउथॅम्प्टनहून मोठी, पाण्यावर उतरणारी ‘एम्पायर’ विमाने कराचीस येऊ लागली आणि कराची–मुंबई–कोलंबो ही जोडसेवा टाटा एअरलाइन्सने चालविली. विशेष म्हणजे कराची हे ठाणे इतिहासाच्या योगायोगाने निवडले गेले असले, तरी ते मुंबई–लंडन या बृहत् वृत्तावरच होते. मुंबईपासून कराचीपर्यंतचा सु. ८९० किमी.चा टप्पा हा लंडनच्या सरळ वाटेचाच पहिला टप्पा होता. दुसऱ्या महायुद्धाने हा सर्व व्यवहार विस्कळित केला व १९४७ च्या फाळणीने कराची दुसऱ्या देशात गेली.

एअर इंडिया इंटरनॅशनल : युद्धकाळात विकसित झालेली लांब पल्ल्याची, भरभक्कम धावपट्ट्यांवर उतरणारी व आतील हवेचा दाब राखणारी विमाने युद्धोत्तर काळात प्रवासी वाहतुकीस उपलब्ध झाली. १९४८ मध्ये टाटा व भारत सरकार यांच्या भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार एंजिनांचे ‘काँस्टेलेशन’ विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून ३५ प्रवाशांसह निघाले व कैरो आणि जिनीव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. भाडे १,७२० रुपये होते व सेवा आठवड्यातून एकदा होती. कोणत्याही भारतीय कंपनीची पश्चिमेकडील ही पहिली नियमित सेवा होय. थांब्यांमुळे या वाटेचे अंतर सु. ७,९०० किमी., म्हणजे किमान अंतरापेक्षा सु. ७०० किमी.ने अधिक होते. १९२९ मधील सात दिवसांच्या जागी आता अदमासे दीड दिवस आला होता.

थांब्यांची किंमत केवळ वेळेत मोजावी लागली नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरोहून जिनीव्हाला येताना आल्प्समधील माँ ब्लां या शिखराच्या परिसरात आदळले व ४८ जण मृत्युमुखी पडले. बहुतेक प्रवासी इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू होण्यास निघालेले भारतीय खलाशी होते. सु. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून दिल्ली, बेरूत, जिनीव्हामार्गे लंडनला जाणारे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनीव्हाला उतरू लागताना त्याच पर्वतावर आदळले. त्यात ११७ जण ठार झाले; भारतीय अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा हे त्यांपैकी एक होते. पर्वत ओलांडला गेला आहे, असा विमानाच्या स्थानाबद्दलचा चुकीचा समज अपघातास कारणीभूत ठरला, असा निष्कर्ष चौकशीअंती काढण्यात आला. दोन्ही विमाने लंडनला जाणारी होती व दोन्ही वेळी जिनीव्हाचा थांबा त्यांना आल्प्सजवळ खाली आणीत होता.

जेट विमानांचे युग : या मार्गावर जेट विमान प्रथम ब्रिटिश कंपनी बीओएसीने आणले. ऑगस्ट १९५२ मध्ये तिचे ‘कॉमेट’ विमान लंडनहून रोम, बेरूत, बहारीन, कराची व मुंबई या ठिकाणी थांबत कोलंबोला जाऊ लागले. वेग वाढला, पण पल्ला लहान असल्याने थांबे कमी झाले नाहीत. आतील दाबाच्या वारंवार होणाऱ्या चढउतारांमुळे या विमानाच्या धातूच्या कवचास तडे जातात, हे १९५४ मधील दोन अपघातांनंतर उघडकीस आले व त्या वर्षी ही विमाने सेवेतून काढून घेण्यात आली.

भारतात १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६० मध्ये एअर इंडियाने ताशी सु. ९०० किमी. वेगाची बोइंग ७०७ विमाने लंडन मार्गावर आणली व त्याच वर्षी ती न्यूयॉर्कपर्यंत नेली. जून १९६२ पर्यंत कंपनीच्या ताफ्यात केवळ जेट विमानेच उरली. १९७१ मध्ये बोइंग ७४७ हे महाकाय विमान दाखल झाले. या विमानाच्या पल्ल्यात मुंबई–लंडनचे सर्व अंतर एका उड्डाणात बसत होते. कैरो, बेरूत, जिनीव्हा ही नावे या प्रवासातून हळूहळू मागे पडली. विसाव्याच्या ठिकाणांवरील अवलंबन अशा रीतीने संपले. त्यानंतरच्या अर्धशतकात प्रवासी विमानांच्या वेगात वाढ झालेली नाही; सुधारणा झाली ती इंधनाची बचत, सुरक्षितता व आवाज यांबाबत.

हवाई हद्दींचा प्रश्न : प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रावर पूर्ण सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात मान्य करण्यात आले. नियमित प्रवासी विमानास दुसऱ्या राष्ट्राच्या क्षेत्रावरून जाण्यास त्याची अनुमती लागते व मार्गदर्शनाच्या सेवेबद्दल शुल्क द्यावे लागते. वाटेत उतरण्याची आवश्यकता संपल्यावरही वरून जाण्याच्या अनुमतीची आवश्यकता म्हणूनच उरली.

मुंबई–लंडन मार्गाच्या पहिल्या टप्प्यावरच हा प्रश्न उभा राहतो. १ जानेवारी २००२ पासून जानेवारी २००४ पर्यंत भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापली हवाई क्षेत्रे बंद केली होती. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे हवाई क्षेत्र या मार्गास पुन्हा मिळेनासे झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना प्रवेशबंदी केली व त्याच महिनाअखेरीस भारताने तसेच प्रत्युत्तर दिले. अशा वेळी भारतीय विमानांना मुंबईहून प्रथम पश्चिमेस ओमानच्या दिशेने समुद्रावरून जाऊन मग उत्तरेस वळावे लागते. ही बंदी केवळ भारतीय विमानांपुरती असल्याने एकाच विमानतळावरून निघून एकाच विमानतळावर उतरणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांचे अंतर व काल भिन्न झाले. अधिक इंधनाचा व वेळेचा भार अर्थातच भारतीय कंपन्यांवर व त्यांच्या प्रवाशांवर पडला.

मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडील स्थितीही अशीच पालटली. १७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालुंपुरला जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडण्यात आले व २९८ जण मरण पावले. त्यानंतर तो भाग टाळला जाऊ लागला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यावर युक्रेनचे संपूर्ण हवाई क्षेत्र नागरी विमानांना बंद झाले. क्रिमिया व युक्रेन यांवरून जाणारी सरळ वाट त्यामुळे उरली नाही. विमाने काळ्या समुद्राच्या दक्षिण भागावरून रूमानिया वा बल्गेरियाकडे वळू लागली. जून २०२५ मध्ये इझ्राएल–इराण संघर्षात इराणचे हवाई क्षेत्रही काही काळ बंद होते. कराची, इराण, क्रिमिया व युक्रेन ही बृहत् वृत्तावरील चारही स्थाने या ना त्या वेळी अशा रीतीने वर्ज्य ठरली.

महत्त्व : हा मार्ग प्रारंभी साम्राज्याच्या टपालासाठी आखला गेला. स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी, डॉक्टर, व्यापारी, खलाशी व ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे यांचा तो नित्याचा मार्ग बनला. पूर्वी परदेशी गेलेल्या माणसास घरची निकडीची वार्ता तारेने कळली, तरी परत येण्यास आठवडे लागत. आता तो दुसऱ्या दिवशी घरी पोहोचू शकतो. या बदलाचे श्रेय एंजिने, धावपट्ट्या व दिशादर्शनाची साधने यांस आहे. तथापि १९२७ मध्ये बसऱ्यापाशी अडलेले विमान व २०२५ मध्ये मुंबईहून वळसा घेऊन निघालेले विमान यांची अडचण एकाच स्वरूपाची आहे. ७,२०० किमी. हे अंतर पृथ्वीच्या आकाराने ठरविले आहे. त्यात जी भर पडते, ती वाटेवरील राष्ट्रांच्या परस्परसंबंधांनी ठरते.